कणा आणि वर्ग



कामगारांच्या सभांत आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर ज्याचे आयुष्य गेले, त्याने पृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्गीकरणावर बोलावयास उभे राहावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांचीही अपेक्षा किमान वेतनाची किंवा कापसाच्या भावाची असावी. आम्ही प्राणिशास्त्राचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु हा विषय आमच्याकडे पुस्तकातून आला नाही. तो जिनाच्या फाटकापाशी आला, आणि म्हणूनच तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहो.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही अकोल्याच्या एका जिनात कामास होतो. हंगाम संपत आला होता. फाटकाजवळच्या पिंपळावर वटवाघळांची वस्ती होती. एके सकाळी त्यांतील एक विजेच्या तारेवर चिकटून खाली पडले. भोवती माणसे जमली. कोणी म्हणाला पाखरू, कोणी म्हणाला जनावर, आणि वाद चांगलाच रंगला. एवढ्यात रेच्यावर कापूस घालणारी एक वयस्क बाई पुढे आली. सारे जिन तिला मावशी म्हणे. तिने काडीने त्याचा पंख बाजूस केला, तर छातीशी पिलू बिलगलेले होते. मावशी म्हणाली, "लेकराले दूध पाजते, मंग हे पाखरू कायचं?" वाद तेथेच मिटला.

त्या आठवड्यात आम्ही वाचनालयातून प्राणिशास्त्राचे एक जुने पुस्तक आणले. कार्ल लिनियस या स्वीडनमधील पंडिताने १७५८ साली याच खुणेवरून एक संपूर्ण वर्ग बांधला आणि त्या वर्गाला स्तनांवरूनच नाव दिले, असे त्यात वाचले. अक्षरओळख नसलेली बाई आणि युरोपचा एवढा मोठा विद्वान एकाच खुणेवर येऊन थांबावेत, या गोष्टीचा आमच्या मनावर जो ठसा उमटला तो अजून पुसलेला नाही. वर्ग पाडणे म्हणजे खूण निवडणे होय. कोणती खूण खरी आणि कोणती फसवी, हे ठरविण्यात माणसाला दोन हजारांवर वर्षे लागली. त्याच शोधाचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

आपल्याकडे प्राण्यांची विभागणी फार जुनी आहे. कीर्तनातून आणि पोथ्यांतून आपण चार खाणी ऐकत आलो: जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. गर्भातून जन्मणारे, अंड्यातून जन्मणारे, घामातून वा उबेतून जन्मणारे आणि जमीन फोडून वर येणारे, असा हा विचार आहे. यात खूण धरली आहे ती जन्माच्या रीतीची. खूण वाईट नाही. तिच्यामुळे वटवाघूळ पंख असूनही गायीच्या बाजूस पडते. पण तीच खूण मासा, बेडूक, साप, मोर आणि मुंगी यांना एका अंडज खाणीत कोंबते. धर्मशास्त्रात दुसरी एक विभागणी दिसते, पाच नखांच्या प्राण्यांची. तेथे ससा, साळिंदर, घोरपड आणि कासव एका पंक्तीस बसतात. कारण प्रश्न कोणाचे मांस चालते हा होता, कोण कोणाचा भाऊबंद हा नव्हता. तेराव्या शतकात हंसदेव नावाच्या जैन पंडिताने 'मृगपक्षिशास्त्र' हा पशुपक्ष्यांवरील संस्कृत ग्रंथ रचला. वनखात्याच्या नोकरीत विदर्भातील जंगले पायाखाली घातलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या परिश्रमाने तो मराठीत आला, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्राण्यांचे दोन भाग केले: तांबडे रक्त असलेले आणि नसलेले. आज आपण ज्यांना पृष्ठवंशी म्हणतो ते बहुतेक सारे पहिल्या भागात येतात. डॉल्फिन हवेत श्वास घेतो आणि पिलांना पाजतो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. तरी पुढे शतकानुशतके लोक देवमाशाला मासाच म्हणत राहिले. पाण्यात राहतो तो मासा, ही खूण डोळ्याला दिसणारी. आणि डोळ्याला दिसते ते सोडवत नाही.

लिनियसनेही आरंभी हीच चूक केली. १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत देवमासा माशांतच होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो उचलला आणि गाय, वाघ व माणूस यांच्या वर्गात नेऊन ठेवला. त्या आवृत्तीत प्राण्यांचे सहा वर्ग होते: सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. गंमत अशी की, वटवाघळाला त्याने माणूस आणि माकडे यांच्याच गणात बसविले होते. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचा गण निराळा केला. पण सस्तन हा वर्ग टिकला. उभयचर वर्गाचे मात्र फारसे टिकले नाही. त्यात बेडकाबरोबर साप, सरडे, कासवे आणि काही मासेसुद्धा घातले होते. बेडूक आणि साप यांची घरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळी झाली.

आता कण्याकडे वळू. लिनियसच्या सहा वर्गांपैकी पहिल्या चारांना पाठीचा कणा आहे आणि शेवटच्या दोहोंना नाही, हे वाक्य आज शाळेतले पोर म्हणते. पण ही रेघ ठळकपणे ओढली ती लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने. त्याची कथा आम्हांस विशेष जवळची वाटते. हा मूळचा सैनिक, पुढे वनस्पतींचा अभ्यासक झाला. १७९३ साली पॅरिसच्या संग्रहालयाची नवी घडी बसली, तेव्हा त्याच्या वाट्याला कीटक आणि कृमी यांचा विभाग आला, म्हणजे ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते तो ढिगारा. वय पन्नाशीला टेकलेले. त्याने तो ढिगारा उपसला, आणि उपसता उपसता त्याला दिसले की, प्राणिसृष्टीत एक मोठी सीमा आहे: कणा असलेले आणि कणा नसलेले. उपेक्षितांची मोजदाद करू गेलेल्या माणसाला साऱ्या घराचा आराखडा सापडावा, असे हे झाले. त्याचाच सहकारी क्यूव्हिए याने पुढे शरीराच्या आतल्या रचनेवरून प्राण्यांच्या चार शाखा ठरविल्या आणि पृष्ठवंशींना त्यांत एक शाखा दिली.

कणा म्हणजे नेमके काय? मणक्यांची माळ. पण ही माळ हीच पहिली खूण नव्हे. प्रत्येक पृष्ठवंशीय प्राण्याच्या गर्भात आरंभी पाठीच्या बाजूने एक लवचीक दांडी असते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. तिच्या वर पोकळ चेतारज्जू असतो, घशाच्या बाजूंस कल्लाविदरे असतात, आणि गुदद्वाराच्या मागे शेपूट असते. या चार खुणा माशाच्या गर्भात आहेत, कोंबडीच्या गर्भात आहेत आणि आपल्याही गर्भात होत्या. पुढे पृष्ठरज्जूच्या जागी मणके येतात, मेंदूभोवती कवटी तयार होते, आणि तो प्राणी पृष्ठवंशी ठरतो.

या खुणेचा प्रताप १८६६ साली दिसला. समुद्रात खडकाला चिकटून राहणारा, पिशवीसारखा एक जीव आहे. मोठेपणी त्याला ना डोके ना शेपूट. त्याला शंखशिंपल्यांच्या गोतावळ्यात घालीत. कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने त्याची पिले पाहिली. पिलाला शेपूट होते, आणि शेपटात पृष्ठरज्जू! म्हणजे हा जीव कणा असणाऱ्यांचा दूरचा नातलग निघाला. बालपणीची खूण मोठेपणी हरवली होती, एवढेच.

पृष्ठवंशींचे वर्ग शाळेच्या पुस्तकात सहा दिलेले असतात. पहिला चक्रमुखी. यांना जबडा नसतो, तोंड वाटोळे आणि चोखणारे; आपल्या नद्यांत ते नाहीत. दुसरा मासे. कल्ल्यांनी श्वास, परांनी पोहणे, हृदयाचे दोन कप्पे. पूर्णेच्या पाण्यातला मरळ आठवा. तो हवेतही श्वास घेतो, म्हणून बादलीत बराच वेळ जिवंत राहतो, पण कल्ले आणि पर यांमुळे मासाच ठरतो. तिसरा उभयचर. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर ओरडणारा बेडूक लहानपणी पाण्यात कल्ल्यांनी जगतो, मोठेपणी फुप्फुसांनी आणि ओल्या कातडीने. हृदयाचे कप्पे तीन. चौथा सरीसृप. कोरडी खवल्यांची कातडी आणि कवचाचे अंडे, म्हणून पाण्यापासून सुटका झालेला. कपाशीत उंदीर धरणारी धामण आणि बांधावरची घोरपड या वर्गातल्या. पाचवा पक्षी. त्यांची अचूक खूण उडणे नव्हे, पिसे ही होय. शहामृग उडत नाही पण पक्षी आहे, वटवाघूळ उडते पण पक्षी नाही. सहावा सस्तन. अंगावर केस आणि पिलांना दूध.

सस्तनांची आणखी एक खूण सांगावीशी वाटते. त्यांच्या मानेत सात मणके असतात. स्लॉथ आणि मॅनेटी हे परदेशी प्राणी सोडले, तर हा नियम कोठे मोडत नाही. जिराफाची मान एवढी लांब, तरी मणके सातच. देवमाशाला मान दिसतही नाही, तरी सातच. त्या मावशीने पंख उचलून पाहिलेल्या वटवाघळाला सात, बंडीला जुंपलेल्या बैलाला सात, आणि मार्केट यार्डात शंभर किलोचे पोते मानेवर घेणाऱ्या आमच्या हमालालाही सातच. हमालांच्या सभेत हे सांगितले की सारे जण हसतात आणि मग आपोआप मानेवरून हात फिरवितात. माणसाचा कणा जन्मतः सुमारे तेहेतीस मणक्यांचा असतो. कंबरेखालचे मणके पुढे एकमेकांत जुळतात. चार पायांवर आडवा राहणारा हा कणा माणसात उभा झाला आणि सारा भार कंबरेच्या पाच मणक्यांवर आला. हमालाच्या कंबरदुखीला असा कोट्यवधी वर्षांचा इतिहास आहे.

आतापर्यंतची कथा पॅरिस आणि स्वीडनची झाली. आता आपल्या मुलखात येऊ. इंग्रजी अमदानीत कर्नल साईक्स नावाचा एक अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करीत होता. त्याने येथील पक्षी, पशू आणि मासे यांच्या याद्या लंडनला पाठविल्या. माशांची यादी १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. तीत त्याने एक चांगली गोष्ट केली. पुष्कळ माशांना त्याने भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली. खुद्री, शिंगाळा, कोळस हे शब्द लॅटिनच्या पोशाखात आज जगभरच्या संग्रहालयांतून वावरतात. ज्यांनी जाळे ओढले त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत, पण त्यांचा शब्द राहिला.

जमिनीवरच्या प्राण्यांबरोबर जमिनीखालच्या प्राण्यांची मोजदादही विदर्भात लवकर सुरू झाली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी जीवाश्म गोळा केले. वर्धा खोऱ्यातील मांगली येथे मिळालेली एक चपटी कवटी लंडनला गेली. १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले आणि प्राण्याला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. हे तेच ओवेन, ज्यांनी १८४२ साली डायनोसॉर हा शब्द घडविला. त्यांनी या कवटीच्या मालकास सरीसृप म्हटले. आज तो प्राचीन उभयचरांच्या कुळात गणला जातो. हाड तेच, खुणा वाचणारे डोळे मात्र बदलले.

त्याहून बोधप्रद गोष्ट जबलपूरच्या मणक्यांची आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्लीमनला १८२८ साली जबलपूरजवळ काही हाडे मिळाली. त्यांत शेपटीचे मणके होते. १८७७ साली लिडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. खूण कोणती? मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची बाजू गोळ्यासारखी. त्या काळी ही खूण अपूर्व वाटली. पुढे शंभर वर्षांत जगात ठिकठिकाणी तशाच मणक्यांचे डायनोसॉर निघाले. अखेर २००३ साली विल्सन आणि अपचर्च या शास्त्रज्ञांनी असा निर्णय दिला की, जी खूण पुष्कळांत आहे ती एकाची ओळख ठरू शकत नाही; म्हणून हे नाव आता वापरता येत नाही. मणके खरे, प्राणी खरा, पण नाव गेले. शास्त्राची ही प्रामाणिकता पाहून आम्हांस मोठा आदर वाटतो. सव्वाशे वर्षे वापरलेली व्याख्या चुकीची ठरली तर ती सोडण्याची तयारी न्यायालयांत आणि कचेऱ्यांत कितीदा दिसते?

हे जबलपूर दूरचे वाटत असेल तर आपली सालबर्डी घ्या. मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर, आपण महादेवाच्या यात्रेस जातो ते हे गाव. तेथे काळ्या बेसाल्ट खडकाच्या खाली लॅमेटा नावाचे गाळाचे थर उघडे पडले आहेत आणि त्यांत डायनोसॉरची हाडे आढळली आहेत. वऱ्हाडची काळी माती ज्या लाव्ह्याच्या खडकापासून बनली, तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे ज्या मातीवर आपली कपाशी उभी आहे, तिच्या खडकाखाली कणा असणाऱ्यांचे एक जुने गाव निजलेले आहे.

आता मेळघाटातील एका लहान पक्ष्याची हकीगत. आपल्या वस्तीत दिसतो तो पिंगळा; अंगावर ठिपके, संध्याकाळी तारेवर बसून किचकिचाट करणारा. त्याचाच जंगलातला भाऊबंद रानपिंगळा. डोक्यावर ठिपके फार थोडे, चोच आणि नखे दणकट, पायांवर पांढरी दाट पिसे. आणि घुबडाच्या जातीचा असून दिवसा शिकार करणारा. १८७२ साली ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडात तो मिळविला. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून त्याला ब्लेविटचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्यानंतर डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात आणखी नमुने मिळविले, ते १८८४ पर्यंत. पुढे हा पक्षी दिसेनासाच झाला.

दिसेनासा का झाला, त्यात एका लबाडीचाही भाग होता. मायनरट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळविला असे सांगितले. नमुना होता, त्यावर चिठ्ठी होती. पण तो नमुना मुळात डेव्हिडसनचाच होता, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला. हे प्रकरण पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली उघड केले. खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलत्या ठिकाणी शोधीत राहिले. खरी ठिकाणे पाहण्याचे ठरले, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा उन्हात बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना तो आपल्या मेळघाटातही आढळला.

हा पक्षी हरवला कोणासाठी? शास्त्रासाठी. त्या जंगलात राहणाऱ्या भिल्ल आणि कोरकू माणसांच्या डोक्यावरून तो या ११३ वर्षांत रोज उडत असला पाहिजे. त्यांना कोणी विचारले नाही. ब्लेविटचे नाव पक्ष्याला लागले, पण वाट दाखविणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर कधीच नव्हते. साईक्सने कोळ्याचा शब्द ठेवला तसे सर्वांनी केले असते, तर कदाचित शोधही लवकर लागला असता.

शास्त्र मात्र येथेही थांबले नाही. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आल्यापासून वर्गीकरण म्हणजे वंशावळ, हा विचार रुजू लागला. १८६१ साली जर्मनीत पिसे, दात आणि हाडांची लांब शेपूट असलेला एक जीवाश्म सापडला. सरीसृप आणि पक्षी यांच्या मधला दुवा म्हणून तो गाजला. १९५० साली विली हेनिग या जर्मन शास्त्रज्ञाने एक कडक नियम मांडला: एका पूर्वजाची सारी संतती ज्यात येईल तोच खरा गट, आणि तो ओळखावयाचा त्या पूर्वजापासून नव्याने आलेल्या समान खुणांवरून. हा नियम लावला की पक्षी डायनोसॉरांची एक फांदी ठरतात, आणि मगर सरड्यापेक्षा कोंबडीला जवळची निघते. म्हणजे सरीसृप हा जुना वर्ग पक्ष्यांना वगळून पुरा होत नाही. आज ठाऊक असलेल्या पृष्ठवंशींच्या जाती सत्तर हजारांवर गेल्या आहेत आणि त्यांत जवळजवळ निम्मे मासे आहेत. शाळेचे सहा वर्ग शिकावयास सोयीचे आहेत. त्यांना अखेरचा शब्द मानू नये, इतकेच.

कोणी म्हणेल, या साऱ्याने माणसाचे काय बिघडते? बिघडते. १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये एक खटला झाला. माशाच्या तेलावर तपासणीची फी होती, आणि देवमाशाच्या तेलाचा व्यापारी म्हणाला, देवमासा मासाच नव्हे. मिचिल नावाच्या शास्त्रज्ञाने साक्ष देऊन त्याला दुजोरा दिला. तरीही पंचांनी निर्णय दिला की देवमासा हा मासाच. लिनियसला साठ वर्षे होऊन गेली होती. पण फी कोणाकडून घ्यावयाची हा प्रश्न आला की शास्त्र बाहेर उभे राहते.

आपल्या देशातही तसेच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्यांच्या अनुसूची होत्या. वाघ संरक्षणाच्या वरच्या पायरीवर बसला, आणि १९७३-७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला. त्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी होते: कावळा, उंदीर, घूस आणि फळे खाणारी वटवाघळे. मेळघाटातील मोहाच्या फुलांचे परागण करणारे आणि त्याचे बी दूरवर नेणारे वटवाघूळ, ज्या मोहावर कोरकू माणसाची एक वेळची भूक भागते, ते कायद्याच्या वहीत उपद्रवी ठरले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली. म्हणजे हा शिक्का पुसावयास पन्नास वर्षे लागली.

आणि आता मावशीची उरलेली गोष्ट. त्या प्रसंगानंतर दुसऱ्या हंगामात रेच्यात तिचा उजवा हात सापडला. तीन बोटे गेली. आम्ही विम्यासाठी खेटे घातले तेव्हा कळले की, १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने 'हंगामी कारखाना' असा एक वर्ग पाडला होता आणि कापसाचे जिनिंग-प्रेसिंग त्या व्याख्येत नावानिशी घातले होते. हंगामी कारखान्याला तो कायदा लागू नव्हता. मावशी त्या जिनात एकोणीस हंगाम राबली होती. गिरणीतल्या कायम कामगाराचे बोट आणि तिचे बोट यांत प्राणिशास्त्राला काही भेद सापडला नसता. भेद होता तो व्याख्येत. खूण धरली होती ती हंगामाची. यंत्राच्या दातांची नव्हे, श्रमाचीही नव्हे. पाण्यात राहतो म्हणून मासा, तसे हंगामात येते म्हणून हंगामी! नुकसानभरपाईसाठी आम्ही भांडलो, थोडे पदरात पडले, आणि त्याच वर्षी आम्ही संघटनेचे काम पत्करले ते आजतागायत.

प्राणी आणि माणसे यांचे वर्ग एकाच तऱ्हेचे असतात, असा आमचा दावा नाही. निसर्गातील नाती असतात, ती शोधावयाची. कायद्यातील वर्ग माणसे करतात, ते बदलताही येतात. पण दोन्हींकडे पहिला प्रश्न एकच विचारावा लागतो: खूण कोणती धरली? ती वरवरची आहे की आतली? आणि नवा पुरावा पुढे आला तर ती सोडण्याची तयारी आहे काय? प्राणिशास्त्राने हा प्रश्न दोन हजार वर्षे स्वतःला विचारला आणि चुका कबूल करीत करीत ते पुढे गेले. देवमासा माशांतून निघाला, बेडूक सापांतून निघाला, टायटॅनोसॉरसने तर नावच गमावले. यात शास्त्राची मानहानी झाली नाही. उलट त्याच्यावरचा विश्वास वाढला.

आपल्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत, काही वकील आहेत, काही कचेऱ्यांतून फाइलींवर शेरे मारणारे आहेत. आपण रोज कोणाला ना कोणाला एखाद्या वर्गात घालीत असता. घालण्यापूर्वी एकदा काडीने पंख उचलून पाहावा, एवढीच मावशीच्या वतीने विनंती आहे.